उत्तराचा रकाना

केल्डरशॉ गावात नोरीन ऑर्मरॉड या बाईंचं नाव कुठल्या पाटीवर नाही की बागेतल्या बाकावर नाही. त्यांना विचाराल तर म्हणतील, बरंच झालं, कबुतरांची घाण वाचली. सत्तावीस वर्षं त्यांनी टाउन हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, बॉयलरच्या पाइपाशेजारच्या कोंदट खोलीत बसून लोकांची पत्रं वाचली. चोरून नव्हे, चांगला कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, पगार घेऊन.

काम असं होतं. कोर्टानं पोर दत्तक दिलं की जन्मदात्या आईला नव्या घराचा पत्ता कळत नाही आणि त्या घराला हिचा. पण वर्षातून एकदा एक पत्र तिकडून इकडे येतं, पोर कसं आहे ते सांगायला, आणि एक उत्तर इकडून तिकडे जातं. दोन्ही पाकिटं कौन्सिलच्या दत्तक विभागात येतात, तिथे कोणीतरी ती उघडायची, आडनाव, शाळा, रस्ता असं काही निसटलं असेल तर झाकायचं आणि नव्या पाकिटात घालून पुढे धाडायचं. केल्डरशॉमध्ये हे कोणीतरी म्हणजे नोरीनबाई. चारशेच्या वर पोरांची पत्रं त्यांच्या हातून जायची.

हात असा की एका बापानं समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो पाठवला होता, पोराच्या स्वेटरवर शाळेचं बोधचिन्ह ठळक दिसत होतं, तर बाईंनी बारीक पात्यानं तेवढंच असं उडवलं की स्वेटर कसरीनं खाल्ला असं वाटावं. आणि जीभ तशीच. कोणी प्रगतिपुस्तकासारखं कोरडं पत्र धाडलं की त्या फोन उचलायच्या. गणितात किती मिळाले ते राहू द्या, पोर कशाला हसतं ते लिहा, त्या बाईला तेच हवंय, असं सुनवायच्या. पत्राचा महिना त्या स्वतः ठरवायच्या. पोराच्या वाढदिवसाचा महिना कधीच नाही, डिसेंबर तर मुळीच नाही. डिसेंबरात दुकानादुकानातून नाताळची गाणी लागलेली असताना आधीच मोडलेल्या आईला वर आणखी पत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, बाईंच्या डोक्यात होतं. बाईंच्या डोक्यात बरंच काही होतं, आणि पुढे घोळ झाला तो त्यानंच.

लिआन ब्रॅडशॉ पहिल्यांदा बाईंच्या दारात आली तेव्हा वीस वर्षांची होती. तिची मुलगी टिली वर्षाची असताना दुसऱ्या घरी गेली होती. बाकीच्या आयांना पत्र टपालानं जायचं, ही मात्र सप्टेंबरात स्वतः आली, म्हणाली चष्मा हरवलाय, जरा वाचून दाखवता का. नोरीनबाईंनी वाचून दाखवलं. पुढच्या सप्टेंबरात चष्मा पुन्हा हरवला. तिसऱ्या वर्षी बाईंनी चष्म्याचा विषयच काढला नाही, किटली लावली, आल्याच्या केकचे दोन तुकडे कापले आणि म्हणाल्या, “मीच वाचते पोरी, माझा आवाज बरा आहे.”

त्या दिवशी लिआननं सांगून टाकलं. तिला वाचता येत नव्हतं. शाळेत शेवटच्या बाकावर बसून, आजारी पडून, मस्ती करून तिनं ते लपवलं, आणि पुढेही लपवतच राहिली. टिली लहान असताना घरात मारकुटा पुरुष होता, ते एक झालंच. पण समाजसेविकेनं भेटीला बोलावलं, दवाखान्यानं लसीला बोलावलं, कोर्टानं बोलावलं, सगळ्यांनी पत्रं पाठवून बोलावलं. लिआन ती न उघडता टोस्टरमागे सारायची. एकाही तारखेला गेली नाही. कोर्टाच्या कागदात शब्द आला, निष्काळजी. तो तिनं मान खाली घालून घेतला, पण खरं कारण काढलं नाही. आता ती फिश-चिप्सच्या, म्हणजे तळलेला मासा नि बटाट्याचे काप विकणाऱ्या, दुकानात कामाला होती. भिंतीवरची पदार्थांची पाटी तिला तोंडपाठ होती, त्यामुळे तिथे कोणाला पत्ता नव्हता. हे कुठेही लिहायचं नाही, असं तिनं बाईंकडून वचन घेतलं. बाईंनी दिलं आणि पाळलं.

म्हणून नोंदवहीत लिआनच्या नावापुढे दरवर्षी एकच ओळ पडायची. पत्र दिलं: हो. उत्तर आलं: नाही. सात वर्षं, सात वेळा नाही. येऊन अर्धा तास बसली, दात आल्याचं ऐकून हसली, जाताना पत्र छातीशी धरून नेलं, याला त्या वहीत रकानाच नव्हता.

मग वरून हुकूम आला. आजूबाजूच्या पाच कौन्सिलांचे दत्तक विभाग एकत्र करून एकच संस्था करायची, कचेरी चाळीस मैलांवर शहरात. वाईट हेतू नव्हता हो त्यात. एका गावात पोरं ताटकळतायत आणि शेजारच्या गावात आईबाप ताटकळतायत, हे थांबावं म्हणून चाललेलं सगळं. पण पाच गावांच्या पत्रपेट्याही एका जागी आल्या, एकोणीसशे पोरांची पत्रं आणि ती बघायला तीन माणसं. नवी साहेबीण फिलिपा, चाळिशीची, हुशार, जेवायची वेळ विसरून काम करणारी. तिनं नियम केला की तीन वर्षं आईकडून उत्तर नसेल तर देवाणघेवाण बंद करायची आणि त्या घराला कळवायचं, आता लिहायची गरज नाही. सप्टेंबर अखेरपर्यंत उत्तर आलं तर ठीक.

केल्डरशॉच्या यादीत एकसष्ट नावं होती. नोरीनबाई कंबर कसून फोनला बसल्या. कोणाचा पत्ता बदलला होता, कोणी तुरुंगातून नुकती सुटली होती, कोणी वारलीच होती. ऑगस्ट संपता संपता यादी पंचवीसवर आली, आणि लिआनचं नाव होतं तिथेच. तिच्यासाठी नुसते दोन शब्द नोंदवहीत घातले असते तरी भागलं असतं, आणि तेच दोन शब्द घालायची चोरी होती; येऊन ऐकून जाते असं लिहिलं की वाचता येत नाही हे आलंच.

शेवटी त्यांनी फिलिपाला आडून विचारलं. समजा एखादी आई दरवर्षी येऊन पत्र ऐकून जात असेल, तर?

“त्याची नोंद आहे?”

“नाही.”

“मग मी काय करू, नोरीन? एकोणीसशे आहेत. मला वहीत दिसतं तेवढंच दिसतं.”

बाईंना तिचा राग आला नाही, स्वतःचा आला. सत्तावीस वर्षं सगळं डोक्यात ठेवलं, मोठा तोरा होता त्याचा. आता कपाटं, वह्या, बारीक पात्याची सुरी, सगळं खोक्यात घालून शहरात चाललं होतं, आणि डोकं काही खोक्यात घालता येत नव्हतं. अडकली होती ती पोर, या शहाणीच्या भरवशावर. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लिआन दुपारचं काम उरकून आली. अंगाला व्हिनेगरचा वास, हातात बाईंसाठी कागदात गुंडाळलेला मासा. खोलीत निम्मी खोकी बांधून झाली होती. बाईंनी तिला बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की हे शेवटचं पत्र असू शकतं. वचनातून मोकळं कर, म्हणाल्या, एक ओळ लिहिते, बाकी मी बघून घेते.

लिआननं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

“तिथे आधीच लिहून ठेवलंय, निष्काळजी. आता त्याखाली अडाणी पण लिहा. टिली अठराची झाली की फाइल मागेल, मिसेस ऑर्मरॉड. तिनं माझ्याबद्दल हे वाचायचं?”

बाईंनी पत्र उघडलं, कारण निदान तेवढं तरी हातात होतं, आणि वाचायला लागल्या.

टिलीची नवी आई रूथ दरवेळी मन लावून लिहायची. टिली आठ वर्षांची झाली होती. समोरचे दोन दात पडले होते. बरणीत गोगलगाय पाळली होती आणि तिला काकडी भरवत होती. लिआन खुदकन हसली. मग पत्राचा सूर उतरला. शाळेत तिचं बिनसलंय, रूथनं लिहिलं होतं. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणते. पुस्तक फाडलं. शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या भिंतीला लावलेल्या रेडिएटरमागे लपवते, परवा साफ करताना सतरा निघाल्या. रात्री रडून म्हणाली, माझ्याइतकं मठ्ठ जगात दुसरं कोणी नाही. हे कुठून आलं, कसं समजावावं, आम्हाला काही कळत नाही.

बाईंनी वर पाहिलं. लिआनचा चहाचा कप हवेतच राहिला होता.

“कुठे लपवते म्हणालात?”

“रेडिएटरमागे.”

“मी टोस्टरमागे.” तिनं कप खाली ठेवला. मग नाक पुसून म्हणाली, “कागद द्या.”

आईच्या वतीनं कर्मचाऱ्यानं लिहायचं नाही, हा नियम जुनाच. बाईंनी कागद दिला, पेन दिलं आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. लिआनला पाच ओळींना दीड तास लागला. एकदा तिनं कागद चुरगळला, एकदा शिवी हासडली, दोनदा एखादं अक्षर कसं काढायचं ते विचारलं, ते बाईंनी हवेत बोट फिरवून दाखवलं. दोघींची नावं तिला लिहिता येत होती. बाकी चिप्सच्या पाटीवरची अक्षरं आठवून आठवून तिनं जुळवलं. काही अक्षरं उलटी झाली, एक ओळ घसरत कोपऱ्यात गेली. लिहिलं ते असं:

टिली. मला पण वाचता येत नाही. तू मठ्ठ नाहीस. हे माझ्याकडून आलं. मी शिकते तू पण शिक. लिआन.

“आता वहीत काय हवं ते लिहा,” म्हणाली. “पुढेमागे वाचेल तेव्हा तिला आधीच ठाऊक असेल. मीच सांगितलेलं.”

ती गेल्यावर नोरीनबाई खोक्यांच्या मधोमध बसून मनसोक्त रडल्या. मग तोंड धुतलं, मासा खाल्ला आणि नोंदवहीत उत्तराच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं.

पत्र फिलिपाच्या टेबलावरून जायचं होतं. तिनं आधी कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, पोरीला कळायला सोपं जावं म्हणून टाइप करून धाडू या. बाई म्हणाल्या, आहे तसंच जाईल. या पत्रात झाकण्यासारखं काही नाही. मग फिलिपानं ते नीट वाचलं. दोनदा वाचलं. तिनं उरलेल्या चोवीस नावांची यादी पुढे ओढली.

“यातल्या किती जणींना वाचता येत नाही?”

“कोणी विचारलंच नाही,” बाई म्हणाल्या. “मीसुद्धा नाही. एकीनं सांगितलं म्हणून एक कळली.”

फिलिपानं यादी फाडली वगैरे नाही, ती तसली नव्हती. तिनं सहा महिने मुदत वाढवली आणि पाचही गावांच्या अर्जात एक प्रश्न घातला, पत्र टपालानं हवं की कोणी वाचून दाखवावं? चोवीसपैकी नऊ जणींनी दुसऱ्यावर खूण केली. त्या नऊ जणींसाठी आणि लिआनसाठी महिन्यातला पहिला मंगळवार केल्डरशॉच्या वाचनालयात ठेवावा लागला, आणि तिथे बसायला बाईंना निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलावी लागली. नवऱ्याला त्या म्हणाल्या, माझा नाइलाज आहे. नवरा म्हणाला, तुझं तोंड तर तसं दिसत नाही. आणि डोक्यातलं सगळं, कोणाचा महिना कुठला आणि का, त्यांनी बसून लिहून काढलं. तीन वह्या झाल्या. त्या वर्षी एकाही आईला डिसेंबरात पत्र गेलं नाही.

पुढच्या सप्टेंबरात लिआन वाचनालयात आली. दर गुरुवारी ती मोठ्यांच्या वर्गाला जात होती, हे बाईंना ठाऊक होतं, पण त्या काही विचारत नसत. रूथचं पाकीट जाड होतं. तिच्या चार पानांमागे रेघांच्या वहीतलं एक पान होतं, मोठ्या, वाकड्या अक्षरातलं. बाईंनी चष्मा चढवला आणि सवयीनं घसा साफ केला.

लिआननं ते पान त्यांच्या हातातून काढून घेतलं. “आज तुम्ही बसा.”

नोरीनबाई बसल्या. आयुष्यभर त्यांनी इतरांची पत्रं वाचली होती, त्यांना कोणी वाचून दाखवलेलं हे पहिलंच. पान अकरा ओळींचं होतं, वीस मिनिटं लागली. एकेका शब्दावर लिआन थांबायची, बोट ठेवायची, ओठ हलवायची, आणि बाई दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसायच्या, तोंडून शब्द निसटू नये म्हणून. बंद करायची वेळ झाली तशी वाचनालयाची बाई किल्ल्या वाजवत आली. नोरीनबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती परत गेली.

गोगलगाय मेली होती. नवी आणली होती. टिलीला शाळेत एक वेगळ्या बाई मिळाल्या होत्या, त्या वाळूत अक्षरं काढायला लावायच्या. शेवटच्या ओळीशी लिआन पुन्हा अडकली. मागे गेली, पहिल्यापासून धरली आणि एका दमात वाचली.

“मी आता चिठ्ठ्या लपवत नाही. तू?”

“मी पण नाही,” लिआननं कागदाला सांगितलं, आणि बाईंकडे पेन मागितलं.