घोड्याच्या चालीचा बैल

पडद्यावर बैल आला आणि अख्खी खोली हसली. फिल्म विनोदी नव्हती. उताराला आडवी नांगरणी केली तर पावसाबरोबर माती वाहून जात नाही, एवढंच तिच्यात सांगायचं होतं. यवतमाळच्या एका ट्रेनिंग कॉलेजात मी चित्रकलेचा लेक्चरर होतो आणि अर्ध्या मिनिटाची ती फिल्म मी एकट्याने केली होती. घाटंजीजवळच्या एका तांड्यावर, शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून ती पहिल्यांदा दाखवत होतो. शेती खात्याच्या गाडीतून प्रोजेक्टर आला होता आणि माझ्या दुर्दैवाने आमचे प्राचार्यही आले होते.

ॲनिमेशन म्हणजे चित्रं हलती करणं. थोडा थोडा फरक असलेली चित्रं काढायची, एकेकाचा फोटो घ्यायचा आणि ते भराभर दाखवायचे. माझ्या हिशेबाने एका सेकंदाला बारा चित्रं. सगळी मिळून साडेतीनशेच्या वर झाली. खात्याने वर्षभरासाठी कॅमेरा दिला होता. फिल्म पसंत पडली तर तो राहणार, नाहीतर परत जाणार. मग मी पुन्हा फळ्यावर फुलदाणी काढायला मोकळा!

परतीच्या वाटेवर प्राचार्य म्हणाले, "लोक हसले."

"हो सर."

"यात तुमचं संशोधन कोणतं आणि हौस कोणती, ते मला कळत नाही. सुट्टीनंतर एकदाच बघेन. मग खात्याला लिहितो."

विचारायला जवळपास कोणी नव्हतं. हे काम करणारा जिल्ह्यात मी एकटाच. स्टाफरूममध्ये मला 'बाहुलीवाले' म्हणत. प्रेमाने म्हणत, पण त्यापुढे कोणी काही विचारत नसे. मुंबईच्या वर्गमित्राला तीन पत्रं पाठवली, त्याचं एकच पोस्टकार्ड आलं, तेही स्वतःच्या लग्नाचं. फार एकटं वाटायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

शेवटी हसणाऱ्यांनाच विचारावं म्हणून पुन्हा तांड्यावर गेलो. तिथले प्रमुख हरसिंग नाईक. त्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलखोमुलखी माल नेलेला. आता तांडा शेती करत होता.

"नाईक, त्या दिवशी सगळे का हसले?"

"गुरुजी, तुमचा बैल घोड्यावानी दुडक्या चालीनं चालून राह्यला होता. पुढचा डावा अन्‌ मागचा उजवा संगच उचलते. असा चालला तं पाठीवरची गोणी राह्यते का?"

माझा चेहरा पडला. माझ्याकडच्या परदेशी पुस्तकात बैल नव्हता, घोडा होता. त्यातही मी दुडकी चाल निवडली, कारण ती उठून दिसते. घोड्याचे पाय तसेच ठेवले आणि वर वशिंड बसवलं. बैलांच्या जिल्ह्यात राहून मी बैल पुस्तकात शोधत होतो.

नाईक मला जनावरांच्या पाणवठ्यावर घेऊन गेले. चिखलातून त्यांनी बैल हळू चालवला.

"आता खुना पाहा. पुढचा खूर उठला का मागचा तिथंच येऊन पडते. मागचा डावा, पुढचा डावा. मंग मागचा उजवा, पुढचा उजवा."

मी चिखलात उकिडवा बसून मोजत राहिलो. बायका हंडे घेऊन थांबल्या होत्या. "गुरुजीले काही हारपलं का?" एकीने विचारलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे आपापल्या गावी गेले. मी खोलीत बसून सगळी चित्रं पुन्हा काढली. घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाला पंचा बांधला होता. कित्येक दिवस मी कोणाशी बोललो नाही. बैलाशी मात्र बोलायचो आणि तेही मोठ्याने.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. तीच शाळा, तेच लोक, मागे हाताची घडी घालून प्राचार्य. बैल पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. कोणी हसलं नाही. दिवा लागताच भांडण सुरू झालं.

"आडवं नांगराचं तं बैल वळवाले जागा कोठून आनाची?"

"अन्‌ शेजाऱ्याच्या धुऱ्याचं काय?"

सगळे नांगरणीवर आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलत होते. प्राचार्य खूश झाले. "विषय पोचला. कॅमेरा राहू द्या म्हणून लिहितो," ते म्हणाले. चित्रांबद्दल एक अक्षर नाही.

मी हरसिंग नाईकांना गाठलं. त्यांनी तरी काही बोलावं, अशी माझी फार इच्छा होती.

"नाईक, बैल कसा वाटला?"

ते धुऱ्याच्या वादातून कसेबसे माझ्याकडे वळले.

"कोनता बैल?"

पुढे ॲनिमेशनचा वर्ग निघाला तेव्हा विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगत आलो: चाल चुकली तर गाव हसेल, जमली तर कोणी नाव काढणार नाही. हे चालत असेल, तरच पेन्सिलीला टोक काढा.