चूक सांगायला सायकलवरून आलेले रशीदभाई

रशीदभाईंच्या शबानाचा फोन आला तेव्हा मी वावरात कपाशीला खत देत होते. "काकू, अब्बा गेले... दुकानातच छातीत कळ आली," एवढंच ती बोलू शकली. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच बसून राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

रशीदभाई राळेगावात पंपाच्या मोटारी दुरुस्त करत. आमच्या बंजारा तांड्यावरची प्रत्येक मोटार त्यांच्या हाताखालून गेलेली. पावसाळ्यात काम थंडावलं की ते दुसऱ्याच नादात असत. मातीत खुपसायची एक सळई आणि वर डबी, असं यंत्र त्यांनी स्वतः जुळवलं होतं. मातीत नत्र, स्फुरद, पालाश किती, ते रोज सकाळी फोनवर येई. कंपनीचं यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. हे खताच्या पोत्याच्या भावात होत होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी ते अकरा वावरांत लावलं, त्यात आमचंही. माझ्या फोनवर यायचं, नत्र भरपूर आहे. आमचे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, युरिया टाकू. मी अडून बसले, नत्र आहे तर युरिया कशाला. खताच्या बाबतीत घरात माझं ऐकलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदाच... आणि कपाशी पिवळी पडू लागली.

एका दुपारी रशीदभाई सायकलवरून आले. मी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या एका वावरात त्यांनी तेच पाहिलं होतं. पिवळं पान तळहातावर घेऊन म्हणाले, "कमलाबाई, माही मशीन खोटं बोलली. माती लय ओली असली का नत्र जास्त दाखवते. मले हे पह्यले तपासाले पाह्यजे होतं. आजच खत द्या."

मग मालकांकडे वळून म्हणाले, "बाईले बोलू नका. चूक माही हाय."

त्याच आठवड्यात त्यांनी अकराही वावरांतल्या डब्या उपटून नेल्या. एका शेतकऱ्याने चार लोकांत शिव्या दिल्या, त्या मान खाली घालून ऐकल्या. आमची कपाशी सावरली. खालची थोडी बोंडं गेली, तेवढंच. पुढचं वर्षभर ते पिशव्यांत माती भरून यवतमाळच्या प्रयोगशाळेत नेत, तिथले आकडे आपल्या डबीशी ताडून पाहत. ओली माती, सुकी माती, पुन्हा ओली. दुसऱ्या हंगामात डबी घेऊन आले तेव्हा माती फार ओली असली की फोनवर आकडा येत नसे. "आज सांगता येत नाही," एवढंच येई.

"माणसालेही हे बोलता आलं पाह्यजे, बाई," ते हसून म्हणाले होते. त्या वर्षी खत कमी लागलं आणि पिवळं पान शोधूनही सापडलं नाही.

परवा शबाना डबी तपासायला आली. वडिलांच्या हाताखाली तीही हे काम शिकलेली. तिने झाकण उघडलं तर आतून चिठ्ठी चिकटवलेली, रशीदभाईंच्या वाकड्यातिकड्या अक्षरात : 'शंका आली तर फोन करा.' खाली त्यांचा नंबर. मी म्हटलं, "हे आता काढतं का, पोरी?"

तिने चिठ्ठीची सुटलेली कड बोटाने दाबून नीट बसवली.

"कायले काढू, काकू? नंबर चालू हाय. मी उचलते ना."