कुमुदकाकूंचं बाकडं

कुमुदकाकूंशी बोलायचं तर माणसाने दोन पावलं मागे सरकून उभं राहावं. बाई मनाने लोणी, पण जिभेला लगाम नाही. शारजात एकतीस वर्षं त्यांनी आणि अंबादासरावांनी चिवडा-चकलीचा धंदा केला. गेल्या वर्षी अंबादासराव गेले. मग धंदा विकला, आणि आता काकूंच्या व्हिसाची मुदतही संपत आली होती. जायचं कुठे? साताऱ्याला भावाने बोलावलं होतं, वहिनीने नव्हतं. मुलगी पर्णिका अमेरिकेतल्या एका लहानशा शहरात दातांची डॉक्टर. ती रोज फोनवर ‘ये, ये’ करून कान किटवायची. काकूंचं एकच उत्तर, “जावयाच्या घरात कायमची पाहुणी होऊन राहू? खलास, विषय संपला!”

आतून मात्र बिचाऱ्या घाबरल्या होत्या हो. आपली म्हणावी अशी चार हात जागा त्यांना कुठेच उरली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या शहनाझभाभी चहाला आल्या होत्या. तेवढ्यात पर्णिकाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती आणि ती गावातल्या बागेत उभी होती. दीडशे वर्षांची जुनी बाग ती. मधोमध बँडवाल्यांचा लाकडी मंडप, तळ्यात बदकं, आणि गावाला तिचा कोण अभिमान! पर्णिकाने फोन वळवला आणि एका नव्या बाकड्यासमोर धरला. पितळी पाटीवर इंग्रजीत नाव होतं, कुमुद अंबादास शेटे.

काकूंनी हातातला कप बशीत आदळला. आपल्याकडे बाकड्यावर नाव कुणाचं असतं? देवळाबाहेर बघा, एसटी स्टँडवर बघा. ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’!

“अगं कार्टे! मी जितीजागती इथे चहा पितेय आणि तू मला कैलासवासी करून मोकळी झालीस?”

“आई, रिलॅक्स! इथे जिवंत माणसांचीही नावं लावतात.”

“लावू देत! मेलं अभद्र! आधी ती पाटी उतरव.”

शहनाझभाभी पोट धरून हसायला लागल्या. “भाभी, अब तो आपकी उम्र बढ़ गई!”

“वाढलेली उमर घालवू कुठे, तेही सांगा ना,” काकू म्हणाल्या. भाभींचं हसू जागच्या जागी थांबलं.

पर्णिका त्या बाकड्यावर बसली. एरवी इंग्रजीशिवाय वाक्य न जोडणारी ही पोर सावकाश, मराठीत बोलायला लागली. “आई, या बागेत बाहेरच्यांची नावं लावत नाहीत. फक्त गावातल्या लोकांची. कमिटीने विचारलं, ह्या बाई कोण, कुठे राहतात? मग मी सभेत उभी राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं, माझी आई इथलीच आहे. फक्त अजून पोचायचीय.”

शारजाने काकूंना पोटभर दिलं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ‘ही इथली’ असं एवढ्या वर्षांत त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी अपेक्षा केली नव्हती. ओढणीने त्यांनी डोळे खसाखसा पुसले.

“मग? काय म्हणाले ते?”

“हो म्हणाले. आता एक आजोबा इथे भेटले की रोज विचारतात, आई कधी येणार?”

काकूंनी जोरात नाक ओढलं.

“चारचौघांत धडधडीत खोटं बोलून आलीस. आता ते खरं कोण करणार, मीच ना? काढ तिकीट.”