डॉक्टरांनी लिहिलेला दम

मी वसमतच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे कुरुंद्याला राहणाऱ्या माझ्या वडिलांना दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे. यंदा हळद शिजवून वाळायला घातली तेव्हापासून त्यांना शेतातून घरी येईपर्यंत दम लागायला लागला. डॉक्टरांना त्यांनी तेवढंच सांगितलं, "दम लागून राहिला." डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'डिस्प्निया'. खाली हृदयाची एक तपासणी, नांदेडला.

शब्द मला ठाऊक नव्हता, आणि तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. "तुमाला डिस्प्निया झालाय," मी ठासून सांगितलं. दमा निघाला नाही म्हणून आई खूश. दमा म्हटलं की माणूस कामातून गेला, असं आमच्याकडे धरूनच चालतात. वडिलांनी तर तो 'डिसनिया' पारावर चांगला मिरवला. आजाराचं नाव कळलंय, मग तपासणीची घाई कशाला, आधी हळद विकून होऊ द्या, हे मीच म्हटलं. सगळं खापर हळदीच्या धुळीवर फोडून मोकळी झाले.

दोन महिन्यांनी शाळेतल्या जाड डिक्शनरीत भलताच शब्द शोधताना तो समोर आला. मूळ ग्रीक. 'डिस' म्हणजे अवघड, 'प्नोए' म्हणजे श्वास. अर्थ, श्वास घ्यायला त्रास होणे. बस्स. आजाराचं नाव नव्हतंच ते. वडिलांचंच वाक्य डॉक्टरांनी इंग्रजीत टिपून ठेवलं होतं, आणि मी ते आजार म्हणून त्यांच्याच हातात परत दिलं होतं. आपला 'दम'सुद्धा फारसीतला, त्याचाही अर्थ श्वासच, हे मात्र मला पाठ! स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी नांदेड गाठलं. हृदय कमजोर झालेलं निघालं. आधी यायला हवं होतं, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहून दिली. परतीच्या एसटीत मी वडिलांना शब्दाचा अर्थ सांगून टाकला.

"म्हंजे म्या जे सांगितलं, तेच त्यायनं लिवलं व्हतं?"

"व्हय."

"मंग तू काहून थांबलीस, माय?"

आवाजात राग नव्हता. घरात चिठ्ठी वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मला विचारत होते.