फिफ्थ व्हील, कॅरॅव्हॅन आणि माझ्या मनातला विटाळ

जय भीम मित्रांनो. आज मला स्वतःचीच लाज वाटतेय.

सुट्टीसाठी सकाळी एक कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, पाहिली, लहान आणि गळकी. दुपारी इथे इंग्लंडात साउथहॅम्प्टनजवळ फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर पुढचं टोक टेकणारं मोठं फिरतं घर, पाहिलं, ऐसपैस आणि लख्ख. तेच घ्यायचं ठरलं.

मालकीणबाईंनी चहा पुढे केला. बोलता बोलता म्हणाल्या, त्या ट्रॅव्हलर समाजातल्या, पिढ्यानपिढ्या फिरस्त्या, इथे लोक ज्यांना हलकं लेखतात त्यातल्या.

मी कप न घेताच बायकोला मराठीत म्हणालो, "कॅरॅव्हॅनच बरी. यांच्या गादीवर कोण झोपणार?"

ती म्हणाली, "अहो, हेच माझ्या आईने गावात ऐकलंय. जातीविरुद्धची भाषणं कुणासाठी करता मग?"

बाईंना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला; त्यांनी कप मागे घेतला. सभा गाजवणारा मी माफीही न मागता निघून आलो.

उद्या परत जातोय. त्यांच्यासमोर सुरुवात कशी करू?