बाबांनी दादाला दिलेला खडा

दादाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "सुने, बाबा गेले," एवढं म्हणून तो रडायला लागला. मी तव्यावरची पोळी शेकून डब्यात टाकली, गॅस बंद केला आणि पद्मनाभपूरहून ऑटो करून वैशाली नगरला त्याच्या घरी गेले. रडू आलं नाही. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम पाळायचा तर बाबांवरचा हा लेख इथेच संपवावा लागेल.

बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. भट्टीवरून आलेला माणूस घरीही तापलेलाच असायचा. तेव्हा आम्ही खुर्सीपारला राहायचो. दादा माझ्याहून मोठा, पण नापास होत होत माझ्याच वर्गात येऊन बसला होता. बाबांना त्याची इतकी लाज वाटायची, की माझे चांगले मार्कही त्यांना टोमण्यासारखे लागायचे. "बहिनीकडं पाह्य जरा," म्हणत ते दादाला बडवायचे आणि नंतर माझ्याशीच बोलणं टाकायचे. जणू नापास मीच केलं होतं त्याला.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी तुरटीचा स्फटिक वाढवायला घेतला. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालायची, पाणी निवलं की तळाशी बारीक खडे धरतात, त्यातला एक देखणा निवडायचा आणि बारीक दोऱ्याने तसल्याच पाण्यात लटकवून ठेवायचा... मग हात लावायचा नाही. खरं काम हेच, हात न लावणं. बरणी कपाटावर होती. कपाटाजवळून जाताना आई पाऊल वाजू द्यायची नाही. खडा बोराएवढा झाला, आरपार, धारदार कडांचा. एका सकाळी दाढीनंतर गालाला लावायची बाबांची तुरटी संपली होती. त्यांनी बरणीतून माझा खडा काढला, दोरा तोडला आणि आरशात बघत बघत गालावर घासला. मी किंचाळले. "तुरटीच हाय ना ते?" बाबा म्हणाले. "हार घालून ठेवतं का तिले?" कडा गेलेला खडा आरशाखाली ठेवून ते ड्यूटीवर गेले. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना मारून टाकलं होतं. आता ते खरोखर गेले, तर नवीन काय वाटणार?

मी हट्टाने दुसरा वाढवला. तो पहिल्याहून मोठा झाला, आणि या वेळी बाबांनी त्याला बोटही लावलं नाही. मी खूश होते. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र बरणी घेऊन ते स्वतःच शाळेत आले आणि सरांना म्हणाले, "मेरे लड़के ने बनाया है." दादाने मान खाली घातली. मी तोंड उघडलं, तसं बाबांनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी तोंड मिटलं. खडा निवडला गेला. रायपूरच्या मोठ्या प्रदर्शनाला दादा गेला, बक्षीसही घेऊन आला. बाबांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. येईल त्याला ते दाखवायचे, आणि पाहुण्यांचा चहा मी आणायचे.

शेवटची भेट झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. दादाला जमत नाही म्हणून त्यांची दाढी मीच करत होते. अर्धा गाल झाल्यावर न राहवून विचारलं, "बाबा, तो खडा कोनाचा होता?" मला वाटलं होतं, विसरले असतील.

"तुहाच," ते म्हणाले. "मले का मालूम नाही?"

"मंग एकदा तरी म्हनाचं होतं..."

"तू तं असे दहा वाढवशीन. त्याच्यापाशी तेवढाच हाय. राहू दे त्याचा." मग आरसा मागितला आणि मिशी तिरपी केल्याबद्दल मला झापलं. त्यांनी जन्मात माझं एकच कौतुक केलं, तेही मला लुटताना. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लाज वाटते सांगायला, पण आनंदही झाला.

परवा माझी सहावीतली परी बरणी घेऊन हिरमुसून बसली होती. पाण्यात सोडलेला खडा वाढायचा सोडून विरघळून गेला होता. "मम्मी, मामाला विचारते. उनको तो प्राइज मिला था ना!" तिने आतून फोन लावला. मामा म्हणाला, थांब, आठवून सांगतो. लगेच माझा फोन वाजला.

"सुने," दादा अगदी हळू बोलत होता, "खडा विरघळून कावून जाते वं?"

मी गॅस बारीक केला. मग म्हटलं, "पानी गरम असन. पुरं निवू दे म्हना, मंग सोड."

"बरं..." तो म्हणाला. त्याने फोन ठेवला, आणि आतला फोन वाजला.

थोड्याच वेळात परी नाचत स्वयंपाकघरात आली. "मम्मी, मामाला सगळं आठवतं! एकदम परफेक्ट!"

"आठवनारच," मी म्हटलं. "त्याचाच होता ना तो."