जर्मन गाडीची स्टेपनी

माझ्या साडभाऊने मला फसवलं. हे मी अमरावतीत सांगितलं आहे, अकोल्यात सांगितलं आहे, आणि मधल्या मूर्तिजापुरात तर हायवेच्या कडेला उभं राहून ओरडून सांगितलं आहे. आज लिहून देतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, प्रभाकरराव. अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आवाज इतका हळू, की शेवटच्या बाकावरची दोन पिढ्यांची पोरं त्यांचं काही न ऐकताच पास झाली असावीत. त्यांच्या मुलाने पुण्यात एक जर्मन गाडी घेतली होती. बुटकी, काळी, चपळ, पाहताक्षणी पोलिसाने थांबवावी अशी! पुढे मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जर्मन गाडी अकोल्याला आली. प्रभाकररावांना ती नको होती. त्यांची जुनी छोटी गाडी त्यांना पुरत होती.

मला मात्र हवी होती. मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कारखान्यांतल्या जुन्या विजेच्या मोटारी विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. फुटपाथवर बसून तांब्याची तार गुंडाळण्यापासून सुरुवात केलेला माणूस आहे मी. तीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो : सौद्यात समोरचा जे बोलतो त्यातलं अर्धं खोटं असतं आणि उरलेलं अर्धं महाग असतं. शिवाय आमच्या मुलीचं, प्रज्ञाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्यात ठरलं होतं. मुलीचा बाप भाड्याच्या गाडीतून उतरला, हे मला चालणार नव्हतं.

सौदा प्रभाकररावांच्या ओसरीवर झाला. दोघी बहिणी आत होत्या. मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चारही टायरांना लाथ मारली (ही तपासणी नाही, हा दबाव असतो) आणि डिकी उघडली. खालचा गालिचा उचलला. पाहतो तर काय, स्टेपनी गायब!

"साडभाऊ, स्टेपनी कुठं हाय?"

"या गाडीला स्टेपनी नसते, वामनराव."

"नसते म्हनजे? सायकल सोडून कोन्त्या गाडीले स्टेपनी नसते?"

"याचे टायर वेगळे आहेत. पंक्चर झालं तरी चालतात."

"हवा गेल्यावर मानूस चालत नाई, टायर कसा चालन?"

"बाजूची भिंत जाड असते. ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर आरामात जाते."

आता सांगा! गाडी विकणारा माणूस, डिकीत स्टेपनी नाही, आणि म्हणतो कंपनीनेच दिली नाही. असली थाप मी स्वतः कधी मारली नाही, आणि मी जळालेल्या मोटारी विकल्या आहेत. मी स्टेपनीचे वीस हजार कापले. त्यांनी मान डोलावली. इतक्या लवकर मान डोलावणारा माणूस चोर असलाच पाहिजे, हे मी तिथेच ओळखलं.

डिकीच्या कोपऱ्यात एक लोखंडी तुकडा पडला होता. अंगठ्याएवढा, टोकाला फुलासारखा कापलेला. "हे राहू द्या गाडीत, लागेल," प्रभाकरराव म्हणाले. मी तो त्यांच्या हातावर ठेवला. "तुमचा कचरा तुमच्यापाशी ठेवा. मले याच्याबद्दल स्टेपनी द्या." ते काहीतरी सांगायला गेले. मी ऐकून घेतलं नाही. मी गाडी घेऊन निघालो, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे माझं बंद झालं. त्यांचं मुळात फारसं चालू नव्हतंच.

गाडी अमरावतीत आली आणि तिचे गुण दिसू लागले. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. शेवटी शेजारचे लोक आवाजावरून सांगायचे, "वामनभाऊ आले." एका सकाळी काच खाली गेली ती वर येईना. पावसाचा एक थेंब पडला की वायपर अर्धा तास थांबेना. मी माझा जुना मिस्त्री रशीदभाई याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकने झाकलेलं. रशीदभाईने चष्मा पुसला.

"सेठ, इंजिन किधर है?"

"त्याच्याखाली असन."

"असन तो रहने दो. ये अपना काम नहीं. इसको खोलेगा कंप्यूटर, और कंप्यूटर बैठता नागपूर में."

"बरं, स्टेपनी तं बसवून दे."

त्याने डिकीत डोकं घातलं, बाहेर काढलं. "सेठ, इसमें स्टेपनी की जगहच नहीं. कंपनी देतीच नहीं."

म्हणजे रशीदभाईसुद्धा प्रभाकररावांना सामील! मी कुणाचं ऐकलं नाही. वलगाव रोडच्या भंगारवाल्याकडून एका जीपचं चाक आणलं (घासाघीस करून निम्म्या भावात!) आणि डिकीत ठेवलं. ते आडवं बसेना. उभं केलं तर झाकण लागेना. तिरपं घालून, वर बसून, झाकण लावलं. डिकीत आता रुमालसुद्धा मावत नव्हता. पण मनाला शांती मिळाली.

प्रज्ञाच्या होणाऱ्या नवऱ्याचे वडील निवृत्त हेडमास्तर. आधीच म्हणाले होते, "आम्हाला देणंघेणं काही नको. एकच मागणी आहे. अकरा म्हणजे अकरा. आमच्या घरी आजवर एकही कार्य उशिरा झालं नाही, आणि उशिरा येणाऱ्यांशी आमचं जमतही नाही." मी सवयीने "साडेअकरा करा" म्हणून पाहिलं. माणूस एका मिनिटानेही हलला नाही! असा ग्राहक मला बाजारात कधी भेटला नाही. घरी येऊन बायको म्हणाली, "तिथं तरी गप राहाचं होतं. पोरीचा जनम हाय तो, मोटर नाई."

साक्षगंधाच्या दिवशी आम्ही आठ वाजताच निघालो. मी गाडी चालवतोय, शेजारी प्रज्ञा नव्या साडीत, मागे बायको. डिकीत चाक असल्यामुळे पेढ्यांचे डबे, साड्यांची ताटं आणि फळांच्या करंड्या बायकोच्या मांडीवर, पायाशी आणि डोक्यापर्यंत. आरशात मला बायको दिसतच नव्हती, फक्त आवाज यायचा.

मूर्तिजापूरच्या थोडं अलीकडे समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं काहीतरी आणि त्यात उद्गारचिन्ह! गाडीच माझ्यावर ओरडून राहिली होती.

प्रज्ञाने कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. "बाबा, टायरची हवा गेली. पण यात लिहिलंय, हळू चालवत जा, थांबायची गरज नाही. अकोला पंचेचाळीस किलोमीटर तर आहे."

"पुस्तक कोनं लिहिलं?"

"कंपनीनं."

"म्हनजे विकनाऱ्यानंच ना?"

मी गाडी एका पंक्चरच्या दुकानासमोर लावली. साडेनऊही वाजले नव्हते. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. "या जाड टायरचं पंक्चर आपल्याच्यानं निघत नाई," तो म्हणाला. मी ऐटीत डिकी उघडली आणि माझी स्टेपनी दाखवली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

"भाऊ, हे याचं चाक नोहे."

"तू चाक काढ. बाकीचं मी पाहतो."

त्याने जॅक लावला. पाचपैकी चार बोल्ट काढले. पाचव्यापाशी थांबला आणि वाकून आत पाहू लागला.

"हा कुलपाचा बोल्ट हाय. चाबी द्या."

मी गाडीची किल्ली दिली.

"हे नाई. चाकाची चाबी."

"चाकाले चाबी?"

"हो, भाऊ. चोरानं चाक नेऊ नये म्हून. लहानसा लोखंडी तुकडा असते, फुलासारखा."

मागून पेढ्यांच्या डब्यांआडून बायकोचा आवाज आला, "तेच काय, जे तुमी भावजींच्या हातावर आपटलं?"

मी पंक्चरवाल्याला छिन्नी-हातोडी घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "मी नाई मारत, तुमी मारा." मी मारली. बोल्टाला काही झालं नाही. माझ्या अंगठ्याला झालं. तेव्हा मी रस्त्यावर उभं राहून प्रभाकररावांविषयी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्या चहावाल्याने रेडिओ बंद केला होता.

"झालं?" प्रज्ञा म्हणाली. "आता मावसाजींना फोन लावा."

"मी? त्यांनं चाकाले कुलूप लावून गाडी विकली आन् मी फोन लावू?"

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, "ते लोक अकराला उठून जातील."

मी फोन लावला.

"साडभाऊ, ते फूल पायजे."

प्रभाकरराव साक्षगंधाच्या हॉलवर होते, आमच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करत. "वामनराव, काढलेले बोल्ट परत घट्ट लावा आणि चालवत या. ऐंशीच्या वर नेऊ नका. येते गाडी."

"तुमी पुन्हा तेच सांगून राहिले!"

"पुन्हा तेच आहे म्हणून."

"मले चाबी पायजे!"

"बरं. आणतो."

पाहुण्यांना तसंच सोडून तो माणूस आपल्या छोट्या गाडीत घरी गेला, तुकडा घेतला आणि मूर्तिजापूरला आला. साडेअकरा झाले होते. तुकडा पंक्चरवाल्याच्या हातावर ठेवला. बोल्ट अर्ध्या मिनिटात निघाला, चाक निघालं, आणि माझी जीपची स्टेपनी तिथे लावली. बसेना! हिची भोकं एकीकडे, तिची भोकं दुसरीकडे. पंक्चरवाल्याने ती सरळ धरली, फिरवून धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे दात या तोंडातले नोहेत."

"मंग आता?"

"आता त्यायनं सांगतलं तसं करा," तो प्रभाकररावांकडे बोट दाखवून म्हणाला.

जुनं चाक परत लावलं. बायको आणि प्रज्ञा सामानासकट छोट्या गाडीत बसल्या. प्रज्ञाने ती चालवायला घेतली. प्रभाकरराव माझ्या शेजारी बसले. हवा गेलेल्या टायरवर मी निघालो. साठ. सत्तर. मी कान लावून होतो, की आता फुटेल, आता फाटेल. फुटलं असतं तर मी किती आनंदाने त्यांच्याकडे वळून पाहिलं असतं! बोरगाव गेलं. गाडी चालतच राहिली. मऊ, शांत, काही झालंच नाही अशी. पंचेचाळीस किलोमीटर तो माणूस खिडकीतून तुरीची शेतं पाहत होता. 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. असा अपमान माझा आयुष्यात कुणी केला नव्हता.

हॉलच्या दारात हेडमास्तर उभे होते. हातात घड्याळ. मनगटावर नव्हे, हातात! त्यांच्यामागे चाळीस माणसं, आणि त्यांच्या बाजूच्या दोन गाड्या सुरू करून ठेवलेल्या.

"वामनराव, अकरा ठरले होते. एक वाजला."

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडाने धंदा केला, त्यातून हवासुद्धा निघेना. प्रज्ञा छोट्या गाडीतून उतरून तिथेच थांबली होती, दोन्ही हातांत पेढ्यांचा डबा धरून. तिच्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही.

"चूक माझी आहे," प्रभाकरराव म्हणाले. इतक्या मोठ्याने, की शेवटच्या बाकावर ऐकू गेलं असतं. "ही गाडी मीच यांना विकली. हिला स्टेपनी नसते हे मी सांगितलंच नाही. चाकाची किल्लीही द्यायला विसरलो. हे बिचारे तीन तास रस्त्यावर अडकले."

हेडमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "प्राध्यापक असून असं केलं?"

"केलं खरं."

"नातेवाइकाला?"

"हो."

हेडमास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. "मग यांचा काय दोष? चला, वामनराव. आत चला. तुम्हाला फार त्रास झाला." त्या दोन गाड्यांची इंजिनं बंद झाली.

साक्षगंध झालं. अंगठ्या घातल्या गेल्या, प्रज्ञा हसली. दोन्हीकडचे पाहुणे एकेक करून माझ्यापाशी येत होते, माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहत होते आणि म्हणत होते, "साडभाऊनं फसोलं तुमाले. सख्ख्या नात्यात असं कोनी करते काय?" प्रभाकरराव कोपऱ्यात एकटेच जेवत होते. त्यांच्या ताटाजवळ कुणी बसलं नाही. बायको सोडून. ती मुद्दाम तिथे बसली आणि जेवण संपेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली.

तर लोक म्हणतात ते खरं आहे, मी फसलो आहे. तीस वर्षं ज्या बाजारात उभा राहिलो तिथली रीत अशी : सौदा चालू असताना खोटं बोलायचं आणि अंगाशी आलं की खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं. या माणसाने सौद्यात भर ओसरीवर खरं सांगितलं, आणि अंगाशी आलं तेव्हा चाळीस माणसांसमोर खोटं बोलला. तेही माझ्यासाठी! मी बिचाऱ्याने कुठे काय खरं धरून हिशेब करायचा होता? ही कुठली रीत? प्रभाकररावांनी याचा जाब द्यावा. आणि लेखी द्यावा. तोंडी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही.